गादी सरकली म्हणून घाबरू नका!

पोते उचलताना, खड्ड्यातून मोटारसायकल आदळल्यावर किंवा नुसते शिंकतानाही कमरेत चमक भरते. दोन-चार दिवसांत कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. डॉक्टर 'स्लिप डिस्क' म्हणतात आणि घरात धास्ती पसरते, आता ऑपरेशन! बहुतेक वेळा ही धास्ती अनाठायी असते.

दोन मणक्यांच्या मध्ये धक्के झेलणारी लवचिक गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट व आतला गर मऊ असतो. वयोमानाने कड्याला चिरा पडतात व गर बाहेर डोकावतो. शेजारच्या नसेवर दाब व सूज आली की पायात कळ आणि मुंग्या येतात. यालाच सायटिका म्हणतात. म्हणजे गादी जागेवरून निसटत नाही, त्यामुळे ती झटका देऊन 'बसवता'ही येत नाही. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे किंवा कंबर तुडवून घेणे यातून नसेला इजा होण्याचा धोका असतो.

दिलासा असा, की बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते. बहुतेक रुग्णांना ६ ते १२ आठवड्यांत बराच आराम पडतो.

काय करावे?

पूर्वी आठवडेच्या आठवडे फळीवर झोपवून ठेवत. आता तसे करीत नाहीत, कारण त्याने स्नायू दुबळे होतात. वेदना तीव्र असल्यास एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मग सोसवेल तेवढे चालावे. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. शेकाने बरे वाटते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नयेत, जठर व मूत्रपिंडाला अपाय होतो. कळ ओसरल्यावर व्यायाम शिकून घ्यावेत. हंडा, पोते उचलताना गुडघ्यात वाकावे, ओझे छातीजवळ धरावे, कमरेला पीळ देऊ नये.

एमआरआयची घाई नको. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या तपासणीतही फुगलेली गादी दिसते.

येथे मात्र थांबू नका

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल उचलता न आल्याने चप्पल पायातून निसटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. लघवीची तक्रार सांगायला संकोच वाटतो, विशेषतः स्त्रियांना. पण येथे संकोच महागात पडतो. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तपासणी करून घ्यावी.

एरवी शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. काही आठवड्यांच्या उपचारानंतरही पायाची कळ असह्य राहिली, तर तिचा विचार करतात. तोवर धीर धरावा आणि हालचाल सोडू नये.