मिशिगनचं आख्यान

‘ला डिस्प्यूट’ या अमेरिकन बँडचा ‘वाइल्डलाइफ’ हा अल्बम पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारतो, हा माणूस गाणार कधी? बँडचा गायक जॉर्डन ड्रायर रूढ अर्थाने गात नाहीच. तो बोलतो; बोलता बोलता आवाज चढतो, फाटतो, पुन्हा खाली येतो. हा पोस्ट-हार्डकोर. हार्डकोर पंकची एक-दोन मिनिटांची सुसाट गाणी १९८०च्या दशकात काहींना अपुरी वाटू लागली. त्यांनी त्यातला संताप ठेवला, वेग मात्र मोडला. मधल्या मोकळ्या जागेत पुढे कुणीकुणी गोष्ट आणून बसवली.

चारठाण्याच्या कानांना हे परकं वाटायला नको. जिंतूर तालुक्यातलं हे जुन्या देवळांचं गाव. आणि या सगळ्या परभणी पट्ट्यात लग्नानंतर गोंधळ घालायची रीत. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. संबळ-तुणतुण्यावर तुळजापूर-माहूरच्या देवींना बोलवायचं आणि रात्र चढली की आख्यान लावायचं. मुख्य गोंधळी, म्हणजे नायक, गद्यात सांगतो, ऐन वळणावर पदात शिरतो, पुन्हा बोलण्यावर येतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचं जांभूळ आख्यान असंच: पाच पांडवांची द्रौपदी, आणि तिच्या मनातला कर्ण.

‘वाइल्डलाइफ’ २०११चा, १४ गाण्यांचा. त्यातलं ‘किंग पार्क’ जवळपास सात मिनिटांचं. बँडच्या, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात चालत्या गाडीतून गोळ्या सुटतात, नेम चुकतो, भलताच मुलगा मरतो. ड्रायर आधी बातमीदारासारखा जागा दाखवतो, मग मारणाऱ्याच्या मागोमाग हॉटेलच्या खोलीपर्यंत जातो. तिथे तो मारणारा पोरगा देवाबद्दल एक प्रश्न विचारतो. उत्तर मिळत नाही.

फरक इथे आहे. गोंधळात नायकाला साथीदार असतो. तो मध्येच खुळ्यासारखं काहीतरी विचारतो, टिंगल करतो; लोक हसतात, श्वास घेतात आणि गोष्ट पुढे सरकते. पुढ्यात देवीही असते, तिच्यावर भार टाकता येतो. ड्रायरला दोन्ही नाहीत. मग तो स्वतःच स्वतःला अडवतो: अल्बममधली चार गाणी म्हणजे या कथा लिहिणाऱ्याचं मनोगत. आपण दुसऱ्यांची दुःखं का उपसतोय, हे तो तिथे स्वतःला विचारतो. माझ्या मते अल्बमचा कणा तीच चार गाणी. नुसत्या किंकाळ्यांनी तो इतका वेळ उभा राहिला नसता.

त्यामुळे एकटं ‘किंग पार्क’ काढून ऐकू नये. पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावं, शब्द समोर ठेवून. तासाभराचंच काम आहे. आख्यानाला तर पहाट होते.