मधुमेही शेतकऱ्याचे वजन : आहाराचे अंदाजपत्रक

मधुमेह हा शहरातील बैठ्या कामाच्या लोकांचा रोग आहे, अशी समजूत ग्रामीण भागात अद्याप आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तींपैकी शेकडा सुमारे 9 जणांना मधुमेह असल्याचे आढळून आले. हा रोग एकदा जडला म्हणजे त्याची निगा जन्मभर राखावी लागते. या निगेत औषधाच्या बरोबरीने महत्त्वाची बाब म्हणजे शरीराचे वाढलेले वजन उतरविणे होय. हे काम महागड्या चूर्णांनी किंवा उपासमारीने साधत नाही. शेतात पिकणाऱ्या धान्यातून व घरच्या चुलीवरच ते साधता येते. मात्र त्यास हिशेब लागतो, आणि तो हिशेब औषधाशी जुळवून घ्यावा लागतो. या दोन्ही गोष्टींची माहिती येथे दिली आहे.

वजन वाढते का?

बैलास खुराक किती द्यावा, हे कोणत्याही शेतकरी बांधवास शिकवावे लागत नाही. नांगरट व पेरणीच्या दिवसांत बैलास पेंड व आंबोण वाढवून दिले जाते. काम संपून बैल दावणीला उभा राहिला की तेच कमी करून कडब्यावर भर दिला जातो. मनुष्य आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र हा नियम पाळीत नाही. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, खुरपणीचे काम बरेचसे तणनाशकाने होऊ लागले आणि शेतावर पायी जाणारा मनुष्य मोटारसायकलवरून जाऊ लागला. अंगमेहनत घटली, परंतु ताटातील भाकरी तितक्याच राहिल्या. त्यात दिवसभराचा गोड चहा व तेलाचा सढळ वापर यांची भर पडली. शिल्लक राहिलेले अन्न शरीर चरबीच्या रूपाने साठविते. पोटात व यकृतात साठलेल्या या चरबीमुळे इन्सुलिन या द्रव्याचा प्रभाव मंदावतो व रक्तातील साखर वाढते.

वजन कोणी व किती उतरवावे?

पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीचा 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास पोटावर चरबी साठली आहे असे समजावे. उंचीच्या मानाने पाहता, 165 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारणतः 63 किलोच्या आत असणे इष्ट आहे. वजन एकदम पुष्कळ उतरले पाहिजे असे नाही. 80 किलो वजनाच्या मनुष्याने 4 ते 8 किलो कमी केले तरी रक्तातील साखर, रक्तदाब व गुडघेदुखी यांत फरक जाणवतो.

ब्रिटनमध्ये झालेल्या व 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना मधुमेह होऊन 6 वर्षांपेक्षा अधिक काळ लोटला नव्हता व जे इन्सुलिन घेत नव्हते, अशा स्थूल रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने अत्यंत मोजका आहार देण्यात आला. वर्षअखेर त्यांपैकी शेकडा 46 जणांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. ज्यांचे वजन 15 किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण शेकडा 86 होते. इतका कडक आहार घरच्या घरी करू नये. परंतु वजन उतरविण्याचे फळ किती मोठे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

येथे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. आपल्याकडे पुष्कळ मधुमेही मूळचेच सडपातळ असतात. त्यांनी वजन आणखी कमी करण्याच्या भरीस पडू नये. तसेच काही प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरू लागले, आणि त्याबरोबर तहान व लघवीचे प्रमाण वाढले, तर ते यश नसून साखर हाताबाहेर गेल्याचे लक्षण होय. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

उष्मांकांचा हिशेब

अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. 100 ग्रॅम पदार्थापासून मिळणारे उष्मांक साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

तांदूळ : 355
ज्वारी : 335
बाजरी : 350
नाचणी : 320
गव्हाचे पीठ : 320
साखर : 400
शेंगदाणे : 500 पेक्षा अधिक
खाद्यतेल : 900

या आकड्यांवरून एक गैरसमज दूर व्हावा. ज्वारीची भाकरी मधुमेहास चांगली, म्हणून ती कितीही खाल्ली तरी चालते, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतुमय भाग पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव टिकते. हा त्यांचा खरा गुण आहे. परंतु उष्मांकांच्या दृष्टीने सर्व तृणधान्ये जवळपास सारखीच आहेत. 60 ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी 200 उष्मांक देते; मोठी भाकरी 100 ग्रॅम पिठाची असेल, तर एका भाकरीत सव्वातीनशेवर उष्मांक जातात. म्हणून घरातील भाकरीस किती पीठ लागते, ते एकदा तराजूवर तोलून पाहावे. गुळासंबंधीही असाच समज आहे. गूळ व साखर यांच्या उष्मांकांत फारसा फरक नाही आणि रक्तातील साखर दोन्हींमुळे वाढते.

आता बचतीचे अंदाजपत्रक पाहू. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घातलेला चहा घेणारा मनुष्य रोज 60 ग्रॅम साखर, म्हणजे 240 उष्मांक केवळ चहातून घेतो. चहा बिनसाखरेचा घेतल्यास हे सर्व वाचतात. दोन्ही वेळचे मिळून दिवसाची एक मध्यम भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर भाजी वाढून घेतली, तर सुमारे 150 उष्मांक वाचतात. माणशी रोज 40 ग्रॅम तेल लागत असेल ते 25 ग्रॅमवर आणल्यास आणखी 135 वाचतात. एकूण बचत रोजची 525 उष्मांक होते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 उष्मांक. या हिशेबाने महिन्याकाठी दोन किलो वजन उतरावयास हवे. प्रत्यक्षात ते थोडे कमी उतरते, कारण शरीर हलके होते तसा त्याचा रोजचा खर्चही घटतो. तरी निराश होण्याचे कारण नाही. या तिन्ही उपायांना एक पैसाही लागत नाही. उलट एकट्या चहातील साखरेची महिन्याला 1,800 ग्रॅम बचत होते.

ताटाची मांडणी व पिकांचे नियोजन

ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर यांचा, पाव भाग भाकरी किंवा भात यांचा आणि पाव भाग वरण, उसळ, अंडी वा मासे यांचा असावा. बटाटा व रताळे यांची गणना भाजीत न करता धान्यात करावी. जेवताना आधी भाजी व उसळ खाऊन मग भाकरी घेतल्यास साखर सावकाश चढते. भाजीत शेंगदाण्याचे कूट मुठीने न घालता चमच्याने घालावे.

ही मांडणी शेतातूनच साधावयाची असल्याने लागवडीच्या वेळीच तिचा विचार करणे अगत्याचे आहे. चार माणसांच्या कुटुंबास माणशी रोज 80 ग्रॅम डाळ व कडधान्य धरल्यास वर्षाला सुमारे सव्वा क्विंटल लागते. तूर, मूग, मटकी, चवळी व हुलगा यांचे पीक सर्वच्या सर्व बाजारात न नेता एवढे घरखर्चासाठी राखून ठेवावे. विहिरीजवळ एक गुंठा परसबाग करून तीत मेथी, पालक, शेपू, अंबाडी, गवार, दोडका, दुधी व कारली थोडी थोडी, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावीत, म्हणजे भाजीचा खंड पडत नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे असावीत. ज्यांच्या मूत्रपिंडास इजा पोचली आहे, त्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मधुमेही व्यक्तीसाठी निराळा स्वयंपाक करण्याची गरज नाही; हा आहार सर्व घरास हितकारक आहे. रुग्ण स्त्री असल्यास एक गोष्ट विशेषेकरून पाहावी. सर्वांच्या मागून जेवण आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून ते संपविणे, या रीतीने तिचे पथ्य रोज मोडते. तिचे ताट सर्वांबरोबर, वेळेवर वाढले जाईल हे घरातील इतरांनी पाहावे.

औषधाशी मेळ : सर्वांत महत्त्वाची बाब

पिकाचे पाणी कमी केले तर खताची मात्राही पाहावी लागते. तद्वत आहार कमी केला तर औषधाची मात्रा तपासून घ्यावी लागते. इन्सुलिन व ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, रक्तातील साखर उतरवितातच. औषध पूर्वीइतकेच आणि भाकरी मात्र निम्मी, असे झाल्यास साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. हात थरथरणे, दरदरून घाम सुटणे, छातीत धडधडणे, अतिशय भूक लागणे व बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे होत. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देण्यास एकट्याने गेलेल्या मनुष्यास असे झाल्यास ते जिवावर बेतू शकते.

यास्तव आहारात बदल करण्यापूर्वी तो डॉक्टरांना सांगावा व गोळ्या कमी करावयाच्या काय हे विचारावे. आपण होऊन औषध बंद करणे तितकेच घातक आहे. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. वरील लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटे बसून राहावे, बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच घ्यावी आणि त्यानंतर थोडे जेवावे. रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

एकादशी, चातुर्मास व नवरात्राचे उपवास वजन उतरविण्यास उपयोगी पडतील असे पुष्कळांना वाटते. परंतु साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे व तूप यांचा उपवास वजन वाढवितो, आणि निरंकार उपवास औषध घेणाऱ्यास धोक्याचा ठरतो. उपवास करावयाचाच असल्यास त्या दिवशीच्या औषधाविषयी आधी सल्ला घ्यावा.

चालणे व पायांची निगा

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालावे. शेत जवळ असल्यास मोटारसायकल घरी ठेवून पायी जावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यानेही साखरेची चढण कमी होते. मात्र अनवाणी चालू नये. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना मंद होते. बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही व जखम चिघळते. रोज रात्री तळपाय धुऊन, कोरडे करून, उजेडात तपासावेत.

नोंद ठेवावी

पंधरवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून वहीत तारखेसह लिहावे. शेजारीच उपाशीपोटीची साखर व चालू औषधे यांची नोंद असावी आणि ही वही प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी. तीस वर्षांवरील सर्वांची साखर व रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत आहे, तिचा लाभ घ्यावा.

सुगीत काम वाढेल तेव्हा भूक वाढेल, सणासुदीला पथ्य ढळेल व काही महिने वजन जागचे हलणार नाही. अशा वेळी हिशेब सोडून न देता दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावा. एक पावसाळा हुकला म्हणून शेती कोणी सोडीत नाही. त्याच चिकाटीने शरीराची मशागत केल्यास मधुमेह असतानाही दीर्घकाळ, स्वतःच्या पायांवर उभे राहून शेती करता येईल.