तणमोराला हवा गुडघाभर गवताचा माळ

श्रावणसर ओसरली की माळावरच्या गवतातून एक काळाभोर पक्षी सरळ वर उसळतो. पुरुषभर उंचीवर पंख फडफडवतो, बेडकाच्या डरांवसारखा आवाज उमटतो आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा गवतात गडप. थोड्या वेळाने पुन्हा उडी. दिवसभरात अशा शेकडो उड्या! हा तणमोराचा नर. कानामागून निघालेली, टोकाशी चमच्यासारखी पसरट पिसं ही त्याची खूण.

माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. वजन जेमतेम अर्धा किलो. मादी थोडी मोठी. १९९९ मध्ये देशात सुमारे साडेतीन हजार तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१८पर्यंत तो सातशेच्याही खाली आला. आता गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि आपल्याकडे अकोला-वाशीमचे माळ, अशा मोजक्याच ठिकाणी त्याची वीण होते.

कारंजा लाडजवळ काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम अठरा चौरस किलोमीटर. पण तणमोर कुंपण मानत नाही. त्याला हवं असतं गवत, तेही बेताचं. नराची उडी लांबून दिसावी इतकं ठेंगणं, मादीला जमिनीवरची अंडी लपवता यावीत इतकं दाट आणि नाकतोडे मुबलक मिळतील असं.

असा माळ सरकारी कागदावर बहुतेक वेळा 'पडीक' ठरतो. मग त्यावर झाडं लावली जातात किंवा नांगर फिरतो. शेजारच्या सोयाबीनमध्ये मादीने घरटं केलंच, तर डवरणी आणि फवारणी नेमकी विणीच्याच दिवसांत येते. अंडी चिरडली जातात, पिलांचे किडेही मरतात.

या माळाची खडान्‌खडा माहिती फासेपारध्यांना आहे. फास लावून तितर-लाव्हे धरणाऱ्या या समाजाला पक्ष्याचा माग, आवाज, घरट्याची जागा अचूक कळते. कारंजा परिसरातल्या 'संवेदना' संस्थेने त्यांच्याच साथीने तणमोराचा शोध घेतला आणि गवताळ माळ राखण्याचं काम उभं केलं. अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या पारध्यांनी तर चराई आवरून माळावर पुन्हा गवत उभं केलं.

पावसाळा सरला की तणमोर विणीची जागा सोडतो. राजस्थानात ट्रान्समीटर बसवलेले पक्षी महाराष्ट्रापर्यंत आल्याचं दिसलं आहे. तेव्हा दिवाळीनंतर उभं असलेलं वाळकं गवतही त्याच्या कामाचं असतं.