नव्या वकिलाची पत



सनद हातीं पडली म्हणजे मनुष्य वकील होतो. पण ज्येष्ठ वकिलाचा त्याच्यावर भरंवसा बसावयास आणखी बराच काळ जातो. भाईंदरच्या केबिन रोडसारख्या वस्तींतून लोकलनें चर्चगेट गांठून फोर्टमधील वकिली पेढ्यांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांची तक्रार बहुधा एकच असते: आमच्या वांट्याला तारखा घेणें आणि नकला आणणें एवढेंच येतें, खरें काम कधीं मिळणार? या प्रश्नाचें उत्तर त्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामांतच आहे, असें मला वाटतें.

समजा, केबिन रोडवरील एका बिऱ्हाडाविरुद्ध घराच्या ताब्याचा हुकूमनामा झाला. जिल्हा न्यायालयांत अपील करण्यास १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणें ३० दिवस मिळतात. उच्च न्यायालयांत करावयाचें असल्यास ९०. प्रमाणित नक्कल मिळण्यास अवश्य लागलेले दिवस या मुदतींतून वजा होतात. म्हणजे नकलेचा अर्ज केव्हां दिला आणि नक्कल केव्हां तयार झाली, या दोन तारखांवर सारा हिशेब उभा राहतो. शिवाय नुसतें अपील दाखल केल्यानें हुकूमनाम्याची बजावणी थांबत नाहीं. स्थगिती निराळी मागावी लागते. कनिष्ठास सांगितलेलें असतें एवढेंच, कीं नक्कल आण. जो ती आणतांना दिवसांचा हिशेब कागदावर मांडून देतो आणि स्थगितीच्या अर्जाचा कच्चा मसुदाहि जोडतो, त्याच्याकडे पुढील अपिलाचें टांचण विश्वासानें सोंपविलें जातें. उलट मुदत चुकली, तर झालेला उशीर माफ करणें न्यायालयाच्या हातीं राहतें, आणि त्या चुकीची किंमत अशिलाच्या घराला मोजावी लागते.

याचें एक सुपरिचित उदाहरण आहे. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींना मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत तोंड उघडवेना. त्यांनीं फी परत केली. १८९३ सालीं ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठीं दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथें खटला मोठ्या वकिलांच्या हातीं होता. गांधींचें काम दुय्यम होतें. परंतु वाद हिशेबांचा आहे हें ओळखून ते जमाखर्च शिकले, सारे कागद त्यांनीं बारकाईनें वाचले, आणि शेवटीं दोन्ही पक्षांना लवादास राजी केलें. कागदपत्रांच्या या माहितीमुळेंच त्यांच्या शब्दाला वजन आलें.

तेव्हां नव्या वकिलानें तीन गोष्टी पाळाव्या. काम घेतांनाच तें कशासाठीं व केव्हांपर्यंत हवें, हें विचारून घ्यावें. अडचण आली तर मुदत उलटण्यापूर्वीं सांगावी. मागाहून दिलेलें कारण कितीहि खरें असलें तरी उपयोगीं पडत नाहीं. आणि मूळ निर्णय स्वतः वाचल्यावांचून दाखला देऊं नये. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. कोणता कायदा लावावयाचा, हें गुन्हा घडल्याच्या तारखेवरून ठरतें. अशी तारीख न पाहतां दिलेलें कलम ज्येष्ठास भर न्यायालयांत अडचणींत आणतें.

ज्येष्ठांचेंहि येथें एक कर्तव्य आहे. ज्यानें मसुदा केला, त्यालाच सुनावणीस बरोबर न्यावें व केलेल्या दुरुस्त्यांची कारणें सांगावीं. वर्षभर चोख काम करूनहि नवें कांहीं हातीं येत नसेल, तर कनिष्ठानें तें नम्रपणें पण स्पष्ट मागावें. तोंवर केलेलें कामच तेव्हां त्याच्या बाजूनें साक्ष देईल.