‘ळ’ची शिकवणूक

अंकलिप्या चाळण्याचा छंद मला फार वर्षांचा आहे, आणि एखादी जुनी अंकलिपी हाती आली की गणपती, मगर, घर हा परिचित मुलूख झपाट्याने ओलांडून मी प्रथम ‘ळ’चे घर गाठतो, कारण चित्राच्या आद्याक्षरावरून अक्षर ओळखविण्याचा जो शिरस्ता ‘ण’पाशी अडखळतो, तो येथे पुरता मोडतो. मराठीत ‘ळ’ने आरंभ होणारा शब्दच नाही. मग बाळाचे किंवा नळाचे चित्र छापून तजवीज केली जाते, आणि आजवर पाठ झालेल्या नियमाबरहुकूम मुलाने त्या चित्रावर ‘ब’ वा ‘न’ वाचला, तर दोष मुलाचा नसून तक्त्याचा असतो.

ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत असलेला, अभिजात संस्कृताने सोडून दिलेला आणि मराठीने जिव्हाळ्याने सांभाळलेला हा वर्ण आपण वर्णमालेत ‘ह’च्याही मागे बसविला आहे. त्यासाठी जीभ मागे वळवावी लागते, म्हणून लहान मूल प्रथम ‘ल’वर भागविते, वऱ्हाडात आणि खानदेशात तर डोळ्याचा ‘डोया’ थोरांच्याही तोंडी असतो. अशा अक्षराला चित्रापेक्षा कान, जीभ आणि बोट यांचाच आधार हवा.

येथे मारिया माँटेसोरींची आठवण अपरिहार्य आहे. रोममधील सान लोरेंझो या श्रमिकवस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांनी बालगृह उघडले, आणि तेथील मुलांच्या हाती लेखणीपूर्वी खरकागदाची अक्षरे दिली. मुलाने अक्षरावरून बोट फिरवावे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारावा, एवढाच तो खेळ. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर बसल्या असता त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरचे धुराडे काढावयास सांगितले. त्याने ते फरशीवर काढले, क्षणभर थांबला, आणि आपल्याला लिहिता येते असे आनंदाने ओरडून त्याने गुडघ्यांवर बसून ‘हात’, मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’ हे शब्द लिहिले. शब्द लिहिण्याचा धडा त्याला कोणी दिला नव्हता. बोटांनी आणि कानांनी ती तयारी आधीच केली होती. 1909 च्या त्यांच्या ग्रंथातील हा प्रसंग मला त्यांच्या साऱ्या सिद्धांतांहून मोलाचा वाटतो.

हे तत्त्व महागड्या साधनपेटीतून सोडवून आपल्या मातीत आणले ते ताराबाई मोडकांनी, आणि त्यांच्या समवेत अनुताई वाघांनी. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी चाललेल्या त्यांच्या कार्यात खडे, शिंपले, बिया, पाने हीच शिक्षणसामग्री ठरली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. परदेशी पद्धतीची ही स्वस्त नक्कल होती, हा आक्षेप मला सर्वथा अमान्य आहे. परिसर हेच साधन, हे सूत्र ज्याने अखेरपर्यंत पाळले, त्यानेच ती पद्धत खरी जाणली.

आणि ‘ळ’पुरते म्हणाल, तर परिसराइतकेच साह्य आपले सणही देतात. दिवाळी, आंघोळ, रांगोळी, फराळ, ओवाळणी, भुईनळा: या सणाच्या ऐन मध्यावर ‘ळ’ बसलेला आहे, आणि संक्रांतीला तीळ, गूळ, पोळी पुन्हा त्यालाच घेऊन येतात. पिशवीतून माळ, नारळ, केळे, खुळखुळा आणि त्यांत मुद्दाम मिसळलेला चेंडू एकेक काढून नावे घ्यावीत आणि ‘ळ’ ऐकू आला की मुलांनी टाळी द्यावी. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ या जोड्यांचा खेळ करावा. आणि मगच, दंड नसलेले, दोन वेटोळ्यांचे ते अक्षर ताटात पसरलेल्या रांगोळीत बोटाने गिरवू द्यावे.

बालवाडीतल्या ताईंना माझी विनंती आहे: ‘ळ’ला वर्षअखेरपर्यंत ताटकळत ठेवू नका, दिवाळीच्या सुटीपूर्वीच त्याला वर्गात आणा, आणि एखादे मूल घरच्या वळणाने ‘डोया’ म्हणाले, तर त्याला रागावू नका, तुमच्या तोंडचा स्वच्छ ‘डोळा’ त्याला पुनःपुन्हा ऐकू द्या.