विश्लेषण : रक्तदाब ठीक, तरी जीव धोक्यात? गंभीर जखमींबाबत रक्तातील ‘लॅक्टेट’ काय सांगते?

नाशिक-पेठ-धरमपूर हा राष्ट्रीय महामार्ग ८४८ घाटवळणांचा आहे. पेठ परिसरात अपघात झाला आणि जखमीची प्रकृती गंभीर असली, तर मोठ्या उपचारांसाठी सुमारे ५५ किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते. कोणाला ताबडतोब हलवायचे, हा प्रश्न अशा ठिकाणी जीवन-मरणाचा ठरतो. रक्तातील काही घटक म्हणजेच ‘बायोमार्कर’ या निर्णयात मदत करू शकतात.

केवळ रक्तदाब पुरेसा का नाही?

तरुण, धडधाकट माणसाच्या शरीरातील १५ ते ३० टक्के रक्त गेले तरी त्याचा रक्तदाब बऱ्याचदा सामान्य दिसतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नाडी वेगाने चालते आणि शरीर वेळ मारून नेते. पोटात रक्तस्राव सुरू असलेला जखमी त्यामुळे बोलत-चालत असतो आणि पुढच्या तासाभरात अचानक कोसळू शकतो.

लॅक्टेट काय सांगते?

पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला, की त्या त्याच्याविना ऊर्जा तयार करू लागतात आणि रक्तातील लॅक्टेट वाढते. साधारणपणे ते लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा कमी असते. ४ च्या वर गेल्यास धोक्याची घंटा मानली जाते. रक्तदाब घसरण्याआधीच हा आकडा वाढू शकतो, हे त्याचे महत्त्व.

एका आकड्यावरून भवितव्य ठरते का?

नाही. आकडा खाली येतो का, हे अधिक महत्त्वाचे. १९९३ मध्ये अमेरिकेत ७६ गंभीर जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे लॅक्टेट २४ तासांत सामान्य झाले, ते सर्व २७ जण वाचले. ४८ तासांनंतरही ते सामान्य न झालेल्या २२ जणांपैकी केवळ तिघे वाचले. म्हणूनच डॉक्टर काही तासांच्या अंतराने ही तपासणी पुन्हा करतात. आकडा उतरत नसेल, तर कुठेतरी रक्तस्राव सुरू आहे का, याचा शोध घेतला जातो.

डोक्याच्या दुखापतीचे काय?

मेंदूच्या पेशींना इजा झाल्यास ‘जीएफएपी’ आणि ‘यूसीएच-एल१’ ही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांच्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. मात्र तिचा हेतू मर्यादित आहे : डोक्याला सौम्य मार लागलेल्या कोणाला सीटी स्कॅनची गरज नाही, हे ओळखणे. बेशुद्ध किंवा गंभीर रुग्णाचे स्कॅन तिच्यासाठी थांबवायचे नसते.

पेठसारख्या ठिकाणी अडचण कोणती?

नळीत काढून ठेवलेल्या रक्तातही पेशी लॅक्टेट तयार करत राहतात. त्यामुळे साध्या नळीतला नमुना घाट उतरून शहरातील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा फुगलेला असतो. ही तपासणी रुग्णाच्या खाटेजवळ, थेंबभर रक्तावर चालणाऱ्या हातातील यंत्रावरच उपयोगी पडते.

मर्यादा काय?

मद्यपान, फिट येणे किंवा यकृताचा आजार यांमुळेही लॅक्टेट वाढू शकते. उलट, सुरुवातीचा आकडा सामान्य आला म्हणून जखमी सुरक्षित आहे, असेही म्हणता येत नाही. नाडी, श्वास, शुद्ध आणि जखमेचे स्वरूप यांच्या जोडीनेच तो वाचावा लागतो.

शिवाय उपचार आकड्याची वाट पाहत नाहीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींच्या ‘क्रॅश-२’ चाचणीत ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव रोखणारे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू कमी होतात, असे दिसले. उशिरा दिल्यास ते अपायकारक ठरू शकते. त्यामुळे अपघात दिसताच १०८ क्रमांकावर फोन करणे आणि वाहणाऱ्या जखमेवर घट्ट दाब देणे, ही पहिली पायरी कोणत्याही तपासणीआधीचीच आहे.