हिशेब कोणासाठीं?

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं वहीस हळदकुंकू वाहावयाचें आणि पुढें वर्षभर तींत कोणी काय लिहिलें याची विचारपूस करावयाची नाहीं, ही आमच्या पेठेंतील पुष्कळ लहान दुकानदारांची रीत होऊन बसली आहे. पूर्वीचा मुनीम गादीशेजारीं बसून सायंकाळीं रोजमेळ मिळवी व कोणाकडे किती येणें हें मालकास तोंडीं सांगे. हल्लींच्या हिशेबनिसाची गांठ पडते ती पत्रकाची मुदत आली म्हणजे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तर 'रिटर्न गेलें' म्हणजे हिशेब झाला, असाच समज रूढ झाला आहे. पत्रक सरकारला पाहिजे असतें. मालकास काय पाहिजे, हें त्यानें मागितल्याशिवाय कोण देणार?

विजेच्या सामानाच्या एखाद्या दुकानदारानें १,००,००० रुपयांचा माल घेऊन त्यावरील १८,००० रुपये कर घाऊक व्यापाऱ्यास चुकता केला, असें समजूं. घाऊक व्यापाऱ्यानें तें बिल आपल्या पत्रकांत दाखविलें नाहीं, तर १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानें ह्या कराची वजावट दुकानदारास मिळत नाहीं. तो तें दाखवीपर्यंत रक्कम अडकून पडते. दरमहा पत्रक भरणारांसाठीं वजावटीचें विवरण पोर्टलवर १४ तारखेस तयार होतें आणि कर भरण्याची मुदत २० तारखेची. खऱ्या हिशेबनिसाची किंमत ह्या सहा दिवसांत कळते. पण १९ तारखेस पिशवीभर बिलें नेऊन टाकणारा दुकानदार त्याच्याकडे हा ताळमेळ मागणार तरी कोणत्या तोंडानें?

नोंदणींत मोबाईल व ई-मेल सल्लागाराचा, परवलीचा शब्दही त्याच्याच जवळ, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं दिसतो. ई-मेलनें पाठविलेली नोटीसही कायद्यानें बजावलेली ठरते. ती सल्लागाराच्या कचेरींत पडून राहिली म्हणून दंड त्याच्या नांवें निघत नाहीं.

उधारीचेंही तसेंच. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आंत ऋणकोची सहीची कबुली घेतली तर ती नव्यानें मोजली जाते. म्हणून कोणतें येणें किती महिन्यांचें, हें दरमहा एका कागदावर, मराठींत, मालकापुढें आलें पाहिजे. त्याच कागदावर देणें, शिल्लक माल आणि कराकरितां बाजूस ठेवावयाची रक्कम असावी. गल्ल्यांतील कर हा नफा नव्हे, हें आंकड्यांनीं दिसल्यावांचून पटत नाहीं. एवढ्या कामास हिशेबनीस अधिक फी मागेल, व ती त्यानें मागावीच. मात्र हा कागद कोणत्या तारखेस हातीं येईल, हेंही दुकानदारानें त्याच बैठकींत लिहून घ्यावें.